साक्षीचे ओझे : इस्लामच्या नीतिविचारातील निर्लज्जता

निर्लज्जता आणि व्यभिचार यांविषयी इस्लाम काय सांगतो असे विचारले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिक्षाच उभ्या राहतात : फटके, दगड, भरचौकातली गर्दी. मुसलमान वाचकाच्या मनात याखेरीज आणखी एक चित्र असते, घरातल्या मुलींच्या कपड्यांवर आणि येण्याजाण्यावर खिळलेल्या करड्या नजरेचे. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. पण त्यांच्या आधाराने मूळ शिकवण समजून घ्यायला निघालो, तर तिचा निम्मा भाग हातून निसटतो, आणि माझ्या मते निसटतो तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे. कुरआनातल्या ज्या सूरह नूरमध्ये व्यभिचाराची शिक्षा सांगितली आहे, तिथेच पाठोपाठ व्यभिचाराचा आरोप करणाऱ्यासाठी नियम येतात. मग कितीतरी वेळ विषय चालतो तो आरोप करणाऱ्यांचा, तो कान देऊन ऐकणाऱ्यांचा आणि न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्यांचा. पाप करणारा एक-दोन आयतींत येऊन जातो. त्याच्या पापावर बोलणाऱ्याला मात्र ती सूरह सहजासहजी सोडत नाही. इस्लामच्या नीतिविचारात निर्लज्जता हा देहाचा अपराध आहेच, पण तितकाच तो समाजाच्या डोळ्याचा आणि जिभेचा अपराध आहे. हा दुसरा अपराध विसरला गेल्यामुळे पहिल्याविषयीची शिकवणही वाकडी झाली, हे दाखवण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

कुरआन ज्याला फाहिशा किंवा फहशा म्हणतो, त्याची व्याप्ती आधी पाहायला हवी. व्यभिचाराला तो फाहिशा म्हणतो आणि त्याच्या जवळपासही फिरकू नका असे बजावतो. लूत यांच्या लोकांच्या वर्तनाला, म्हणजे पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना, हाच शब्द लावतो. बापाच्या बायकांशी मुलाने लग्न करण्याची इस्लामपूर्व अरबांची चाल होती, तीही या सदरात येते. सूरह आराफमध्ये फाहिशाचे समर्थन वाडवडिलांच्या नावाने करणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. त्यावर भाष्यकार सांगतात, की कुरैश सोडून इतर टोळ्यांचे लोक काबागृहाला नग्न अवस्थेत प्रदक्षिणा घालत, त्या चालीकडे हा रोख आहे. म्हणजे धर्माचे नाव देऊन केलेली गोष्टही निर्लज्ज असू शकते. सैतान दारिद्र्याची भीती घालून फहशा करायला लावतो असे सूरह बकरामध्ये आहे, आणि तिथे झमख्शरींसारखा जाणता भाष्यकार कंजूषपणाचा अर्थ घेतो. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, शिवराळ बोलण्यालाही हेच म्हटले आहे. प्रेषितांच्या दारी आलेल्या काही लोकांनी सलामाचा शब्द मोडून मरणाचा शाप दिला, तेव्हा हजरत आयेशा संतापून त्यांना उलट बोलल्या. प्रेषितांनी शाप देणाऱ्यांना सोडून आयेशांनाच थांबवले आणि असे बोलणे टाळायला सांगितले. शुक्रवारच्या खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या, अखेरीस सूरह नहलमधली एक आयत वाचण्याची जुनी प्रथा आहे. ती उमय्या खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ यांच्यापासून चालत आल्याचे सांगतात, आणि कोकणापासून मराठवाड्यापर्यंतच्या मशिदींत ती आजही कानावर पडते. तिच्यात न्याय, उपकार आणि आप्तांना देणे या तीन आज्ञा आहेत, आणि फहशाला मनाई आहे ती उघड दुष्कृत्य आणि जुलूम यांच्या पंक्तीला बसवून. लैंगिक पाप इथे एकटे उभे नाही. ज्या मर्यादांनी माणसे एकमेकांना माणूस म्हणून वागवतात, त्या मोडण्याच्या अनेक तऱ्हांपैकी ती एक तऱ्हा आहे.

आता सूरह नूरकडे वळू, कारण सगळ्या युक्तिवादाचा पाया तिथे आहे. हिजरतीनंतर पाच-सहा वर्षांनी बनू मुस्तलिक टोळीवरच्या मोहिमेहून मुसलमानांचा तांडा मदिनेला परतत होता. मुक्कामावर आयेशांचा मण्यांचा हार कुठे तरी पडला आणि त्या तो शोधत मागे राहिल्या. उंटावरचा पडद्याचा हौदा माणसांनी उचलून ठेवला. आयेशा वयाने लहान आणि अंगाने हलक्या, त्यामुळे आत कोणी नाही हे उचलणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. तांडा निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान नावाच्या सहकाऱ्याला त्या दिसल्या. त्याने त्यांना आपल्या उंटावर बसवले आणि स्वतः पायी दोर धरून तांडा गाठला. एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. मदिनेतल्या दांभिकांचा म्होरक्या अब्दुल्ला इब्न उबई याने ती पेटवली आणि भलीभली माणसे तिला बळी पडली. कवी हस्सान तिच्यात होते, आणि आयेशांच्याच वडिलांच्या, अबू बक्र यांच्या, आधारावर जगणारा मिस्तह हा गरीब नातेवाईकही होता. आयेशा आजारी होत्या. महिनाभर गावात काय चालले आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. एका रात्री मिस्तहची आई त्यांच्याबरोबर बाहेर पडली असता पायघोळ वस्त्रात पाय अडकून ठेचकाळली आणि तिच्या तोंडून स्वतःच्या मुलालाच शाप निघाला. असे का बोलता म्हणून आयेशांनी विचारले, तेव्हा त्यांना सारे कळले. प्रेषितांच्या घरातली ही गोष्ट, आणि तरीही तिचा निकाल कोणी अधिकाराच्या जोरावर लावला नाही. माणसे घुटमळत राहिली, चौकश्या करत राहिली. मग ज्या आयती उतरल्या, त्यांचा रोख पाहण्यासारखा आहे. आयेशा निर्दोष आहेत असे सांगून त्या थांबत नाहीत. ऐकणाऱ्या सामान्य मुसलमानांना त्या जाब विचारतात : हे कानावर आले तेव्हा तुम्ही आपल्याच माणसांविषयी चांगला विचार का केला नाही? चार साक्षीदार का मागितले नाहीत? जे ठाऊक नाही ते जिभेवर घेऊन फिरवलेत आणि ती किरकोळ बाब मानलीत, पण ईश्वराच्या लेखी ती फार मोठी आहे. आणि श्रद्धावंतांमध्ये निर्लज्जता पसरावी असे ज्यांना आवडते, त्यांना इहलोकी आणि परलोकी दुःख आहे.

ही शेवटची आयत या विषयाची किल्ली आहे असे मी मानतो. प्रसंग लक्षात घेतला तर इथे पसरवणे म्हणजे कृती पसरवणे नाही, कारण कृती घडलीच नव्हती. पसरली होती ती तिच्याविषयीची बातमी. कुरआनाच्या दृष्टीने फाहिशाची चर्चा हीच फाहिशाची लागण आहे. अमक्याने असे केले, तमकीविषयी असे ऐकले, हे रोज कानावर पडू लागले की त्या गोष्टीची भीड चेपते आणि माणसाला माणसाविषयी वाटणारा विश्वास जातो. सूरहचे नियम याच अंगाने वाचले तर त्यांची संगती लागते. व्यभिचाराला 100 फटके. शीलवान स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला 80 फटके, आणि वर त्याची साक्ष यापुढे कधीही घ्यायची नाही. दोन आकड्यांत फारसे अंतर नाही, पुराव्यात मात्र जमीन-अस्मानाचे आहे. व्यभिचार सिद्ध करायला चार जणांनी प्रत्यक्ष कृती डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. बदनामी सिद्ध करायला बदनामी करणाऱ्याचे तोंड पुरते. तिघांनी खरोखर पाहिले असेल आणि चौथा कचरला, तर कायद्याच्या दृष्टीने ते तिघे अपराधी ठरतात.

हे नुसते पुस्तकी नव्हते. बसऱ्याचे सुभेदार मुगीरा इब्न शुअबा यांच्यावर असा आरोप आला तेव्हा दुसरे खलिफा उमर यांच्यापुढे चार माणसे उभी राहिली. त्यांत अबू बक्रा (आयेशांचे वडील अबू बक्र नव्हेत) हे प्रेषितांचे सहकारी होते. तिघांनी ठाम साक्ष दिली. चौथा, झियाद, म्हणाला की आपण काही गोष्टी पाहिल्या, पण जी पाहायला हवी ती नेमकी पाहिली असे सांगता येत नाही. उमर यांनी त्या तिघांना बदनामीचे फटके मारवले. अबू बक्रा यांनी शेवटपर्यंत आपले म्हणणे मागे घेतले नाही आणि म्हणून त्यांची साक्ष पुढे घेतली गेली नाही. सुभेदाराला वाचवले असा आक्षेप या प्रसंगावर घेता येतो आणि तो मी पुढे विचारात घेणार आहे. पण कायदा कुठल्या बाजूला झुकला होता याबद्दल शंका राहत नाही. त्याआधीचा हिलाल इब्न उमय्या यांचा प्रसंग मला याहून बोलका वाटतो. त्यांनी प्रेषितांपुढे येऊन आपल्या बायकोवर आरोप केला. प्रेषितांनी सांगितले, की पुरावा आण, नाही तर तुझ्या पाठीवर फटके. बायकोजवळ परका पुरुष पाहिल्यावर माणूस साक्षीदार शोधायला जाईल का, हा हिलाल यांचा प्रश्न कुठल्याही काळातल्या नवऱ्याचा प्रश्न आहे. त्यावर लिआनचा नियम आला : नवऱ्याने चार वेळा शपथेवर सांगायचे, पाचव्यांदा आपण खोटे असलो तर आपल्यावर शाप येवो म्हणायचे, बायकोने चार शपथा घेऊन ते नाकारायचे, पाचव्यांदा तो खरा असेल तर आपल्यावर ईश्वरी कोप होवो म्हणायचे, आणि मग दोघांनी वेगळे व्हायचे, शिक्षा कोणालाच नाही. ती स्त्री पाचव्या शपथेशी अडखळली, सगळ्यांना वाटले ती कबूल करणार. मग आपल्या कुळाला काळिमा लावणार नाही असे म्हणून तिने शपथ पुरी केली. पुढे मूल झाले ते आरोपातल्या पुरुषासारखे. प्रेषितांचे उद्गार हदीसमध्ये नोंदलेले आहेत : ईश्वराच्या ग्रंथाचा निर्णय आधी झालेला नसता, तर या स्त्रीशी माझा वेगळा हिशोब झाला असता. सत्य समोर दिसत असतानाही तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. बायको किंवा बहीण संशयावरून मारून टाकणारे लोक इज्जतीच्या नावाने धर्माचा हवाला देतात, तेव्हा त्यांनी हा प्रसंग वाचावा. नवऱ्याचा संताप तिथे खरा मानला आहे, पण त्याच्या हातात सुरा दिलेला नाही. त्याच्या हातात शपथ दिली आहे, आणि तितकीच वजनदार शपथ बायकोच्याही हातात दिली आहे.

कबुलीजबाबाची बाजूही अशीच आहे. माइझ इब्न मालिक स्वतः होऊन व्यभिचाराची कबुली द्यायला आले, तेव्हा प्रेषितांनी तोंड फिरवले. ते दुसऱ्या बाजूने पुढे आले, पुन्हा तोंड फिरवले. चार वेळा असे झाले. मग प्रश्न सुरू झाले ते पळवाट देणारे : नुसते चुंबन घेतले असेल, नुसता डोळा मारला असेल, डोके ठिकाणावर आहे ना? शिक्षा सुरू झाल्यावर ते पळू लागले आणि लोकांनी पाठलाग करून त्यांना संपवले, हे कळल्यावर प्रेषितांनी विचारले, की सोडून का दिले नाही? आणि ज्या हझ्झालने माइझना कबुलीसाठी पाठवले होते, त्याला सांगितले की आपल्या वस्त्राने तू त्याला झाकले असतेस तर तुझ्यासाठी बरे झाले असते. हनफी पंथाने पुढे यावरूनच नियम बांधला, की कबुली चार वेगवेगळ्या बैठकांत चार वेळा हवी आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते. उर्दूत ज्याला पर्दापोशी म्हणतात, ती दुसऱ्याचे पाप झाकण्याची वृत्ती, इस्लामी नीतीत नुसती सवलत नाही, ते पुण्य आहे. उलट रात्री केलेले आणि ईश्वराने झाकलेले पाप सकाळी उठून लोकांना सांगणाऱ्याला क्षमेच्या बाहेर ठेवणारी हदीस बुखारींच्या संग्रहात आहे.

नजरेविषयीही हेच. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, नंतरच्या आयतीत स्त्रियांना. स्त्रियांच्या आयतीत वस्त्राविषयी अधिक तपशील आहे हे खरे, आणि त्याचा अर्थ काय याची चर्चा एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे. पण क्रम विसरू नये. हजच्या वेळी प्रेषितांच्या मागे उंटावर त्यांचे तरुण चुलतभाऊ फझल बसले होते. खसअम टोळीची एक देखणी स्त्री धर्माचा प्रश्न विचारायला आली आणि फझल तिच्याकडे पाहत राहिले. प्रेषितांनी हाताने फझल यांचे तोंड दुसरीकडे वळवले, आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाला उत्तर दिले. तिने प्रश्न पुरा विचारला, उत्तर घेऊन गेली. मान वळली ती पाहणाऱ्याची. आज आपल्या मोहल्ल्यांत ज्यांचा धाक मुलींनाच सोसावा लागतो, त्यांच्या धर्मग्रंथात हा प्रसंग आहे, आणि प्रवचनांत तो फार क्वचित ऐकू येतो याचे मला वाईट वाटते.

मध्ययुगीन शास्त्रकारांना ही शिकवण पुरेपूर उमगलेली होती. वाईटाला मनाई करणे हे मुसलमानाचे कर्तव्य, ते पार पाडायला बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब नेमलेला. पण त्याच्या हक्काला उंबरठ्याची सीमा. 1111 मध्ये वारलेले इमाम गझाली आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात हे फार बारकाईने सांगतात. दुसऱ्याच्या दाराला कान लावून आत तंतुवाद्य वाजते का हे ऐकू नये, दारूचा वास येतो का म्हणून हुंगू नये, कोणाच्या झग्याखाली बासरी आहे का हे चाचपू नये, शेजाऱ्यांकडे चौकशीही करू नये. जे आपोआप उघड झाले त्याच्याशीच संबंध. त्यांच्याआधीच्या मावर्दींनी राज्यव्यवस्थेवर लिहिताना हीच मर्यादा घातली आणि अपवाद ठेवला तो, एखाद्याचा जीव जाण्यासारखे, मागाहून भरून न येणारे नुकसान होऊ घातले असेल तेव्हाचा. याच्या मुळाशी सूरह हुजुरातची आज्ञा आहे : संशय टाळा, हेरगिरी करू नका, पाठीमागे निंदा करू नका. निंदेला तिथे मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. ज्या कुरआनात व्यभिचारासाठी असली किळसवाणी उपमा नाही, त्यात निंदेसाठी ती आहे, याकडे वाचकाने लक्ष द्यावे.

आता आक्षेप. पहिला धार्मिक मुसलमानाचा असेल : अशा वाचनाने व्यभिचार हलका होत नाही का? पुरावा अशक्य, चौकशी मना, बोलणेही पाप, मग पाप करणाऱ्याला मोकळे रानच. मला हे पटत नाही. कुरआनाने व्यभिचाराला शिर्क (ईश्वराला भागीदार मानणे) आणि खून यांच्या शेजारी ठेवले आहे, आणि ते गांभीर्य कमी करण्याची माझी इच्छा नाही. शरीयतच्या उद्दिष्टांत शास्त्रकारांनी वंशाचे रक्षण मोजले आहे. मुलाला बाप असणे, बाईला जबाबदार नवरा असणे, विश्वासाने दिलेला शब्द पाळला जाणे या गोष्टी त्या काळच्या टोळीसमाजात जीवनमरणाच्या होत्या आणि आजही क्षुल्लक नाहीत. पण पाप मोठे असणे आणि ते पकडण्याचा अधिकार माणसांकडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाज माणसाला फहशापासून रोखते असे कुरआन म्हणतो, तेव्हा पहारेकरी मनात बसवलेला आहे. उघड आणि लपलेली, दोन्ही निर्लज्जता हराम आहे असे तो म्हणतो, तेव्हा लपलेलीचा साक्षीदार ईश्वर एकटा आहे. हया, म्हणजे मनाची लाज, ही श्रद्धेची शाखा असल्याचे हदीसमध्ये आहे. भीती बाहेरून लादता येते. हया तशी लादता येत नाही, आणि जी लाज शेजाऱ्याच्या पाळतीवर टिकते ती पाळत उठताच संपते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो इतिहासाचा आहे. 1979 मध्ये पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद अध्यादेश काढले. कागदोपत्री हद्दच्या, म्हणजे धर्माने ठरवून दिलेल्या, शिक्षेसाठी चार साक्षीदारांची अट होती. पण तिच्या खाली तअझीरची, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकातल्या शिक्षेची, दुसरी वाट उघडी ठेवली, आणि तिथे नेहमीच्या पुराव्यावर तुरुंग आणि फटके देता येऊ लागले. सूरहने जे दार बंद केले होते, ते खिडकीतून उघडले. त्यातही बलात्कार आणि व्यभिचार एकाच अध्यादेशात कोंबले गेले. बलात्काराची तक्रार घेऊन गेलेली स्त्री तो सिद्ध करू शकली नाही, की तिची तक्रारच तिच्या संबंधांची कबुली ठरू लागली. 1983 मध्ये एका अंध तरुणीला, तिच्या गरोदरपणाच्या आधारावर, तीन वर्षे कैद आणि 15 फटके सुनावले गेले. ज्यांच्यावर तिचा आरोप होता ते सुटले होते. देशात आणि देशाबाहेर आरडाओरड झाली तेव्हा संघीय शरीयत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अस्मा जहांगीर आणि हिना जिलानी यांनी 1990 मध्ये या अध्यादेशांवर लिहिलेले पुस्तक आजही वाचवत नाही इतके वेदनादायक आहे. 2006 मध्ये कायदा बदलून बलात्कार पुन्हा दंडसंहितेत नेला गेला. मधल्या 27 वर्षांत ज्या स्त्रिया कोठड्यांत गेल्या, त्यांना त्या बदलाने काय परत मिळाले? नायजेरियातही पोटातले मूल हा पुरावा धरून दगडांची शिक्षा सुनावली गेली. कात्सिना राज्याच्या शरीया अपील न्यायालयाने ती 2003 मध्ये रद्द केली. गरोदरपण पुरावा मानण्याचे मत मालिकी पंथाचे आहे. हनफी आणि शाफई शास्त्रकारांनी ते मानलेले नाही.

हे सारे शिकवणीचे विकृतीकरण म्हणून झटकून टाकता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. दगडांची शिक्षा कुरआनात नाही, ती हदीसच्या आधारावर आहे, आणि बहुसंख्य शास्त्रकारांनी ती विवाहितांसाठी मान्य केली हे नाकारून चालणार नाही. ती प्रत्यक्षात फार क्वचित झाली. उस्मानी इस्तंबूलमध्ये 1680 साली झालेली अशी शिक्षा इतिहासकार वारंवार सांगतात ती तिच्या दुर्मिळपणामुळेच, आणि उस्मानी सुलतानांच्या कानूनने बहुतेक वेळा दंडाची रक्कम वसूल करण्यावर समाधान मानले. तरीही दुर्मिळ क्रौर्य क्रौर्यच असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की बलात्काराच्या बाबतीत अध्यादेशांना शिकवणीचा आधार नव्हता. पहाटेच्या अंधारात नमाजला निघालेल्या एका स्त्रीवर बळजबरी झाल्याची हदीस तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. ती ओरडली, माणसे धावली, तिने झाले ते सांगितले. तिला चार साक्षीदार मागितले गेले नाहीत, तिच्या चारित्र्याची चौकशी झाली नाही. तू जा, ईश्वराने तुला क्षमा केली आहे, असे तिला सांगितले गेले. साक्षीची कडक अट घातली होती ती स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याच्या वाटेत. ती तिच्याच वाटेत आणून ठेवणे हा अट उलटी फिरवण्याचा प्रकार होता.

इथेच तिसरा आक्षेप येतो, आणि मुगीरांच्या प्रसंगावरचा आक्षेप त्याच्यासाठीच मी राखून ठेवला होता. पाप झाका म्हटले की बलवानांची पापे झाकली जातात. मदरशातल्या मुलावर हात टाकणारा, मोलकरणीला छळणारा, हे सारे पर्दापोशीच्या आडोशाला उभे राहतात. इज्जतीच्या भीतीने घरचेच पीडिताला गप्प बसवतात. हा आक्षेप खरा आहे आणि मुस्लीम समाजाने त्याची किंमत मोजली आहे, जशी ती इतर धर्मांच्या संस्थांनीही मोजली. पण शिकवणीत याचे उत्तर स्पष्ट शब्दांत आहे. सूरह निसामध्ये सांगितले आहे, की वाईट गोष्ट उघडपणे बोलणे ईश्वराला आवडत नाही, ज्याच्यावर जुलूम झाला आहे तो सोडून. या अपवादावर सगळे तोलले आहे. जिथे दोघांनी आपल्या मर्जीने पाप केले तिथे झाकणे. जिथे एकाने दुसऱ्यावर अन्याय केला तिथे पीडिताचा आवाज मोकळा. पहिल्या परिस्थितीचे मौन दुसरीत आणणे हा जुलमाला हातभार आहे. गुलाम मुलींकडून धंदा करवून पैसा मिळवू नका अशी आज्ञा त्याच सूरह नूरमध्ये आहे, आणि बळजबरी झालेल्यांना ईश्वर क्षमा करणारा आहे असे ती म्हणते.

गुलामीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट लपवत नाही. कुरआन लैंगिक संबंध पत्नीशी आणि मालकीच्या दासीशी वैध ठरवतो, आणि फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्याच्या, ग्रंथांनी दासीच्या संमतीचा विचार केला नाही. माझा युक्तिवाद या जागी तोकडा पडतो. गुलाम मुक्त करण्याला दिलेले पुण्य, आईपण लाभलेल्या दासीला मिळणारे स्वातंत्र्य, हे सांगता येते, पण त्याने आजच्या सदसद्विवेकाचे समाधान होत नाही आणि होऊ नये. गुलामी संपली तेव्हा तिच्याबरोबर ती वैधताही संपली, ही बहुतेक आधुनिक उलेमांची भूमिका मला योग्य वाटते. लूत यांच्या लोकांच्या संदर्भातला प्रश्नही अवघड आहे. ती कृती निषिद्ध असण्यावर पारंपरिक शास्त्रकारांचे एकमत, शिक्षेवर मात्र तीव्र मतभेद. अबू हनीफा यांनी तिला ठरावीक हद्द लावली नाही. त्या कृतीविषयी कोणाचे काहीही मत असो, हेरगिरीची मनाई, निंदेची मनाई आणि उंबरठ्याची मर्यादा तिथेही तशीच लागू होते. ती पाळणारे कमी आहेत.

भारतातल्या वाचकाला विचारावेसे वाटेल, की हे सारे आपल्याला कशाला? 1860 च्या दंडसंहितेपासून इथे व्यभिचाराचा इस्लामी फौजदारी कायदा नाही, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 497 रद्द केल्यापासून व्यभिचार हा गुन्हाच राहिला नाही. माझ्या मते म्हणूनच नैतिक शिकवण आता अधिक स्वच्छ दिसू शकते. राज्याचा फटका बाजूला झाला आहे. उरला आहे तो माणसाचा ईश्वराशी हिशोब आणि शेजाऱ्याशी वागणूक. बागेत बसलेल्या मुलामुलीला घेरून त्यांचे चित्रण करणारे, बुरख्यातली मुलगी कोणाच्या मोटारसायकलवर दिसली म्हणून तिचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरवणारे, आपण निर्लज्जतेविरुद्ध लढतो असे समजतात. सूरह नूरच्या नजरेने पाहिले तर त्यांच्या हातून घडते आहे तीच निर्लज्जता, आणि ती सिद्ध करायला चार साक्षीदारांची गरज नाही, त्यांच्या फोनमध्ये पुरावा आहे. मिस्तहनेही हेच केले होते, फक्त जिभेने. अबू बक्र यांनी चिडून त्याचा खर्च बंद करण्याची शपथ घेतली, तेव्हा आयत उतरली की नातेवाइकांना आणि गरजूंना देणे थांबवू नका, माफ करा; ईश्वराने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र यांनी खर्च पुन्हा सुरू केला.

एक प्रश्न या पुस्तकात मी मोकळा सोडला आहे. आज पितृत्व प्रयोगशाळेत ठरते. हिलाल यांच्या काळी जे चेहऱ्याच्या साम्यावरून फक्त तर्काने कळत होते, ते आता डीएनए चाचणीने जवळजवळ निश्चित कळते. मग लिआनची शपथ आणि चार साक्षीदारांची अट टिकेल का? 2002 मध्ये मक्केच्या इस्लामी फिक्ह परिषदेने मत दिले, की पितृत्व नाकारण्यासाठी डीएनए चाचणी लिआनची जागा घेऊ शकत नाही. टीकाकार याला विज्ञानाकडे पाठ फिरवणे म्हणतात. मुलाच्या पोटगीचा, वारशाचा किंवा बळजबरीच्या गुन्ह्याचा प्रश्न असेल तर मी टीकाकारांच्या बाजूने आहे. तिथे कोणाचा तरी हक्क बुडतो आणि चाचणी नाकारणे हा अन्याय आहे. पण बायकोवर पाळत ठेवण्यासाठी नवऱ्याने गुपचूप मुलाचे केस तपासायला पाठवायचे असतील, तर प्रेषितांनी साम्य डोळ्यांपुढे असूनही जे केले नाही, ते यंत्राच्या आधाराने करायला मोकळीक आहे असे मला वाटत नाही. त्या परिषदेपुढची कागदपत्रे आणि त्यावरचे मतभेद यांपासून पहिले प्रकरण सुरू होते.